संगणक आणि नेटवर्क सुरक्षेत पदव्युत्तर शिक्षण : नेमकं काय हाती लागतं?

पाऊलवाट (मूळ धागा)

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं नेटवर्कच्या कामात आहे. राउटर, स्विच, फायरवॉलचे नियम, व्हीपीएन, रात्री-बेरात्री लॉग चाळणं, हे सगळं अंगवळणी पडलंय. आता नोकरीतून मोकळं होऊन संगणक व नेटवर्क सुरक्षेत पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं पक्कं केलंय. प्रवेश झालाय, वर्ग सुरू व्हायचे आहेत.

कारण सांगतो. कामात सूचना येतात : टीएलएसच्या (ब्राउझर आणि सर्व्हरमधलं बोलणं गुप्त ठेवणाऱ्या पद्धतीच्या) जुन्या आवृत्त्या बंद करा, अमुक सायफर सूट (त्यासाठीच्या सांकेतिक पद्धतींचा ठरलेला संच) काढून टाका, डीएनएस सर्व्हर अद्ययावत करा. मी ते चोख करतो. पण तो सायफर सूट का काढायचा, असं कुणी विचारलं तर "असुरक्षित आहे म्हणून" यापलीकडे मला बोलता येत नाही. ते बोलता यावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

सोबतचे लोक म्हणतात, पदवीच्या मागे कशाला लागतोस, दोन-तीन चांगली प्रमाणपत्रं कर, काम भागेल. दुसरी धास्ती गणिताची, कॉलेज सोडल्यापासून मोड्युलो म्हणजे काय हेही पुसट झालंय. आणि प्रबंधाचा विषय लवकर ठरवा असं विभागातून आत्ताच सांगितलंय. या वाटेने गेलेल्यांनी किंवा शिकवणाऱ्यांनी जरा मोकळेपणाने लिहावं ही विनंती.

---

रानवारा

प्रमाणपत्रांबद्दल आधी लिहितो, कारण तो प्रश्न लवकर सुटतो. प्रमाणपत्रं वाईट नाहीत. एखादं साधन हातात बसावं, ठरलेल्या पद्धतीने चाचणी करता यावी, नोकरीच्या चाळणीतून अर्ज पुढे सरकावा, यासाठी ती उपयोगी पडतात. पण तुमचा प्रश्न "का?" असा आहे, आणि त्याचं उत्तर त्या अभ्यासक्रमात क्वचितच मिळतं. तुम्हाला साधनं आधीच येतात. पदवीच करा.

---

सांजवेळ

पाऊलवाट, अभिनंदन. मी हा विषय पदव्युत्तर वर्गाला शिकवते, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारतं, "हॅकिंग कधी सुरू होणार?" हल्ले आम्ही शिकवतोच, मन लावून शिकवतो. पण त्याआधी एक सवय लावावी लागते. कुठलीही यंत्रणा समोर आली की विचारायचं : काय जपायचंय, कोणापासून जपायचंय, आणि ते जपलं जाईल असं आपण कशाच्या भरवशावर म्हणतोय? तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. भरवसा कशावर आहे हे बहुतेक वेळा कुणी लिहूनच ठेवलेलं नसतं. मग भोवतालची परिस्थिती बदलते, तो भरवसा गळून पडतो, आणि यंत्रणा मात्र तशीच चालू राहते.

एक उदाहरण सविस्तर देते. वही-पेन घेऊन वाचा.

१९७८ साली रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी सार्वजनिक किल्लीवर चालणारा एक प्रोटोकॉल, म्हणजे संदेशांच्या देवाणघेवाणीची ठरलेली रीत, मांडला. दोघांनी एकमेकांची ओळख पटवायची, एवढंच काम. किल्ल्या मिळवण्याचा भाग सोडला तर उरतात तीन संदेश :

अ → ब : (अ ने निवडलेली संख्या, अ चं नाव), ब च्या सार्वजनिक किल्लीने बंद
ब → अ : (अ ची संख्या, ब ने निवडलेली संख्या), अ च्या किल्लीने बंद
अ → ब : (ब ची संख्या), ब च्या किल्लीने बंद

ब च्या किल्लीने बंद केलेलं फक्त ब उघडू शकतो. त्यामुळे आपली संख्या परत आली की अ ला वाटतं, हा ब च. तिसऱ्या संदेशानंतर ब लाही अ बद्दल तसंच वाटतं. बिनतोड दिसतंय ना? १९८९ मध्ये अशा प्रोटोकॉलांची तपासणी करण्यासाठी एक औपचारिक तर्कपद्धती आली, बॅन लॉजिक. त्या पद्धतीने हा प्रोटोकॉलही तपासला गेला, आणि पुढे जो हल्ला सापडला तो तिथे दिसला नाही.

१९९५ मध्ये गॅव्हिन लो यांनी तो दाखवला. समजा नेटवर्कवर क नावाचा तिसरा सदस्य आहे. त्याच्याकडे रीतसर किल्ली आहे, तो बाहेरचा चोर नव्हे. अ स्वतःहून क शी बोलणं सुरू करतो. क तो पहिला संदेश उघडतो आणि आतला मजकूर जसाच्या तसा ब च्या किल्लीने बंद करून ब कडे पाठवतो. ब ला वाटतं अ बोलतोय, म्हणून तो दुसरा संदेश अ च्या किल्लीने बंद करून धाडतो. क ला तो उघडता येत नाही. पण उघडायची गरजच नाही, तो नुसता अ कडे पुढे सरकवायचा. अ उघडतो, आपली संख्या ओळखतो, दुसरी संख्या क ची आहे असं धरून चालतो आणि ती क च्या किल्लीने बंद करून परत देतो. आता ब ची संख्या क च्या हातात आली. तो ती ब कडे पाठवतो, आणि ब ची खात्री पटते की समोर अ आहे.

कुठलंही कुलूप फुटलेलं नाही, सांकेतिक गणित शाबूत आहे. दुरुस्ती किती छोटी, तर दुसऱ्या संदेशात ब ने स्वतःचं नावही घालायचं. मग अ ला कळतं की हे उत्तर क कडून आलेलं नाही, आणि तो तिथेच थांबतो.

१७ वर्षं हे का दिसलं नाही? कारण मूळ मांडणीत सदस्य आपापसात सरळ वागतील आणि धोका बाहेरून येईल, असं गृहीत होतं. त्या काळच्या नेटवर्कला ते शोभणारं होतं. आज आतला माणूसही शत्रू असू शकतो असं धरूनच आपण सुरुवात करतो. पदव्युत्तर पातळीवर आम्हाला हेच शिकवायचं असतं : यंत्रणेच्या तळाशी असलेलं गृहीतक शोधा, ते उघड शब्दांत लिहा, मग ते कधी मोडेल ते पाहा. तुमच्या फायरवॉलच्या नियमांनाही हाच प्रश्न विचारून पाहा. "आतलं ते विश्वासाचं" हे वाक्य किती नियमांच्या मुळाशी आहे ते दिसेल.

---

खालचा_थर

सांजवेळ यांच्या मुद्द्याशी सहमत, पण एका ठिकाणी अडतो. असं वाचून नवा विद्यार्थी सगळा वेळ कागदावरच्या बाणांत घालवतो आणि प्रोटोकॉल शेवटी कुणीतरी सी भाषेत लिहिलेला असतो हे विसरतो. हार्टब्लीड ही ओपनएसएसएल या टीएलएस चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली गाजलेली चूक. तेव्हा टीएलएसची रचना ठीक होती, अंमलबजावणीत एक तपासणी राहिली होती.

पाऊलवाट, तुम्ही बहुधा २०१४ च्या एप्रिलमध्ये सर्व्हर अद्ययावत केले असतील आणि प्रमाणपत्रंही बदलली असतील. आत काय होतं ते सांगतो. टीएलएसला एक जोड आहे, हार्टबीट. जोडणी जिवंत आहे का हे पाहायला एक बाजू छोटा मजकूर पाठवते आणि दुसरी तोच परत करते. संदेशात आधी प्रकार, मग दोन बाइटमध्ये मजकुराची लांबी, मग मजकूर. ओपनएसएसएलच्या १.०.१ मालिकेतल्या कोडने ती लांबी पाठवणाऱ्याच्या शब्दावर खरी मानली. मजकूर एकच बाइट पाठवायचा आणि लांबी ६५,५३५ लिहायची. सर्व्हर इमानदारीने तेवढे बाइट स्मृतीतून उचलून परत पाठवायचा, म्हणजे त्या एका बाइटच्या शेजारी जे काही पडलं असेल ते सगळं : कुणाची कुकी, कुणाचा पासवर्ड, कधी सर्व्हरची खाजगी किल्लीसुद्धा. लॉगमध्ये याचा काही माग राहत नव्हता. दुरुस्ती काय, तर आलेल्या नोंदीची खरी लांबी आणि दावा केलेली लांबी ताडून पाहायची, जुळली नाही तर संदेश टाकून द्यायचा. २०१२ च्या मार्चमध्ये आलेली ही चूक सुमारे दोन वर्षं जगभरच्या सर्व्हरांवर होती.

हे एकदा कळलं की १९८८ चा मॉरिस वर्म (यंत्रायंत्रांतून आपोआप पसरलेला कार्यक्रम) वाचा. त्याची एक वाट फिंगर सेवेतून जात होती. ती सेवा आलेली ओळ एका ठरावीक आकाराच्या जागेत ठेवायची आणि ओळ त्यात मावते का हे बघायचीच नाही. जास्तीचे बाइट मग परतीच्या पत्त्यावर, म्हणजे फंक्शन संपल्यावर कुठे जायचं त्या पत्त्यावर, चढायचे. मधल्या २६ वर्षांत बचावाचे थर एकावर एक चढत गेले. १९९८ मध्ये स्टॅकगार्डने परतीच्या पत्त्याच्या आधी एक राखणदार संख्या ठेवली. पुढे डेटाची पानं चालवता येणार नाहीत अशी सोय झाली, पत्ते विस्कटून ठेवणं आलं. त्यावर २००७ मध्ये होवाव शाचम यांनी दाखवलं की नवा कोड आत घुसवायची गरजच नाही, कार्यक्रमातले आधीच असलेले छोटे तुकडे परतीच्या पत्त्यांनी जोडून हवं ते करून घेता येतं. या साखळीतली प्रत्येक कडी आधीच्या कडीला दिलेलं उत्तर आहे. ही साखळी प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने बांधल्याशिवाय अंगात भिनत नाही.

म्हणून वर्ग सुरू होण्याआधी एवढं कराच : सी भाषेतला चार ओळींचा कार्यक्रम लिहा, जीडीबीत (कार्यक्रम पायरी-पायरीने तपासायचं साधन) एकेक पाऊल चालवा, फंक्शनला हाक मारल्यावर स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या नोंदींची स्मृतीतली जागा) काय-काय ठेवलं जातं ते डोळ्यांनी पाहा. परतीचा पत्ता कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता आलं की अर्धं सेमिस्टर सोपं जाईल.

अवांतर : वर्गातल्या छोट्या प्रकल्पाला कमी लेखू नका. कार्यक्रमांना वेडावाकडा इनपुट देऊन ते कोसळतात का हे बघायचं तंत्र, फझिंग, १९८८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात बार्टन मिलर यांच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पदव्युत्तर वर्गातला एक प्रकल्प म्हणून सुरू झालं. तपासलेल्या युनिक्सच्या साधनांपैकी चौथा हिस्सा ते एक तृतीयांश कोसळली किंवा अडकून बसली. आज हेच तंत्र मोठमोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पांत अहोरात्र चालू असतं.

---

सांजवेळ

@खालचा_थर, अडू नका, आपण एकच म्हणतोय. "समोरच्याने लिहिलेली लांबी खरी असते" हेसुद्धा न लिहिलेलं गृहीतकच. बाकी जीडीबीच्या सल्ल्याला पूर्ण दुजोरा.

---

पाऊलवाट

किती मनापासून लिहिलंत, आभार. तीन संदेशांचं उदाहरण कागदावर उतरवलं. क ला दुसरा संदेश उघडता येत नाही आणि तरी त्याचं काम होतं, इथे बराच वेळ थबकलो.

२०१४ मध्ये प्रमाणपत्रंही बदलली होती, बरोबर. किल्ली फुटली असेल म्हणून, हे आज कळलं.

आता प्रबंधाबद्दल. मनात असं आहे की मशीन लर्निंग वापरून नेटवर्कमधली घुसखोरी ओळखायची. केडीडी ९९ हा डेटासेट सगळीकडे दिसतो, त्यावर ९९ टक्क्यांच्या वर अचूकता आल्याचे कित्येक शोधनिबंध आहेत. हा विषय ठीक राहील का? आणि गणिताचं कुणी बोललंच नाही.

---

शून्यशेष

पाऊलवाट, मी घुसखोरी ओळखण्याच्याच क्षेत्रात काम करतो, म्हणून कळकळीने सांगतो : केडीडी ९९ वर प्रबंध करू नका.

आधी अचूकतेचा आकडा बघू. समजा तुमच्या नेटवर्कमध्ये दिवसाला १० लाख नोंदी होतात आणि त्यातल्या २० खरोखर हल्ल्याच्या आहेत. तुमचं यंत्र हल्ला ९९ टक्के वेळा पकडतं आणि निरुपद्रवी नोंदीला फक्त १ टक्का वेळा हल्ला म्हणतं. ऐकायला उत्तम. आता मोजा. खरे इशारे जवळपास २०. खोटे इशारे, सुमारे १० लाखांचा १ टक्का, म्हणजे १०,०००. दर ५०० इशाऱ्यांमागे एक खरा. रात्रपाळीला बसणारा माणूस तिसऱ्या दिवशी ते बघणं सोडून देईल, आणि त्याला दोष देता येणार नाही. खोट्या इशाऱ्यांचं प्रमाण लाखात एक इतकं खाली आलं, तर २० खऱ्यांमागे १० खोटे उरतात आणि यंत्र वापरण्याजोगं होतं. स्टेफान अॅक्सेलसन यांनी हा मुद्दा १९९९ मध्येच मांडला. तरी आजही निबंधांच्या सारांशात नुसती अचूकता छापून येते. तुम्ही स्वतः लॉग चाळलेत, तेव्हा हे माझ्याहून जास्त तुम्हाला कळेल.

आता डेटासेट. तो १९९८ च्या डार्पा (अमेरिकी संरक्षण खात्याची संशोधन संस्था) प्रकल्पातून आला. एमआयटीच्या लिंकन लॅबमध्ये एका हवाई दलाच्या तळासारखं नेटवर्क कृत्रिमरीत्या उभं केलं आणि त्यावर ठरवून हल्ले सोडले. त्यावेळी मोजमापाची काहीच सोय नव्हती, त्या मानाने काम मोलाचं होतं. पण २००९ मध्ये तपासलं तेव्हा केडीडीच्या शिकवणीच्या नोंदींपैकी सुमारे ७८ टक्के नोंदी पुनरावृत्ती निघाल्या. चाचणीच्या संचातही तोच प्रकार होता. प्रश्नपत्रिकेतले बहुतेक प्रश्न आधीच फळ्यावर लिहिलेले असावेत तसं हे झालं.

याहून बोलकी गोष्ट त्याच प्रकल्पाच्या १९९९ च्या डेटात सापडली. महोनी आणि चॅन यांनी २००३ मध्ये दाखवलं की १२६ आणि २५३ हे टीटीएल (पॅकेटमधला एक आकडा) फक्त हल्ल्याच्या पॅकेटांतच येत होते. पार्श्वभूमीच्या बहुतेक वाहतुकीत ते १२७ आणि २५४ होते. टीटीएल म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको : प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. म्हणजे हल्ला करणारं यंत्र त्या बनावट नेटवर्कमध्ये एक टप्पा लांब बसवलेलं होतं, एवढंच. कुठलंही शिकणारं मॉडेल हा एक आकडा धरून "हल्ला" ओळखेल, निकालाचा तक्ता झळकेल आणि खऱ्या नेटवर्कवर त्याचा काडीचा उपयोग होणार नाही.

२०१० मध्ये रॉबिन सॉमर आणि व्हर्न पॅक्सन यांनी या क्षेत्राला खडे बोल सुनावले. मॉडेल "वेगळं" काय ते सांगतं, चालवणाऱ्याला "वाईट" काय ते हवं असतं, आणि मधलं अंतर बहुतेक निबंध ओलांडतच नाहीत. नेटवर्कवर वेगळं तर रोज काहीतरी असतंच. नवा बॅकअप सुरू झाला, कुणी मोठी फाइल हलवली, एखादा स्विच बिघडला.

विषय सोडून द्या असं म्हणत नाही. करायचा तर उलट्या बाजूने करा. प्रसिद्ध झालेलं एखादं मॉडेल घ्या, त्याचे निकाल पुन्हा मिळतात का पाहा, आणि ते नेमकं कशाच्या आधारावर निर्णय घेतंय हे खणून काढा. त्यात नावीन्य कमी असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

---

नवी_पालवी

वाचनखूण साठवली. मीही पहिल्या वर्षाला आहे, एक शंका विचारते. सरावासाठी इंटरनेटवरचे सर्व्हर स्कॅन केले, काही बिघडवलं नाही, नुसतं बघितलं, तर चालतं का? वर्गातले काहीजण करतात.

---

खालचा_थर

नाही. ज्याचं यंत्र आहे त्याची लेखी परवानगी नसेल तर हात लावायचा नाही. स्वतःच्या लॅपटॉपवर आभासी यंत्रांचं बंद नेटवर्क उभं करा, एक हल्लेखोर, एक बळी, मध्ये एक राउटर, आणि वायरशार्क (पॅकेट उघडून दाखवणारं साधन) लावून दोन्ही बाजूंनी पाहा. सराव त्यात भरपूर होतो. संशोधनासाठी मोठं स्कॅनिंग करणारे लोक आहेत, पण ते विभागाची आणि नैतिकता समितीची मान्यता घेतात, आपला पत्ता उघड ठेवतात आणि कुणी "आम्हाला वगळा" म्हटलं की वगळतात.

मॉरिस वर्म लिहिणारा रॉबर्ट मॉरिस तेव्हा कॉर्नेलमध्ये पदव्युत्तर विद्यार्थीच होता. यंत्रांची नासधूस करणारा भाग त्यात नव्हता, पण पसरण्याचा वेग आटोक्यात राहिला नाही आणि यंत्रं एकामागून एक ठप्प झाली. १९९० मध्ये त्याला तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. "बिघडवायचा हेतू नव्हता" हा बचाव न्यायालयात टिकला नाही.

अलीकडचं म्हणाल तर २०२० मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी लिनक्स कर्नलकडे (लिनक्सचा गाभा सांभाळणाऱ्या प्रकल्पाकडे) मुद्दाम दोष असलेले पॅच (कोडमधले बदल) पाठवले, तपासणीत ते पकडले जातात का हे बघायला. ज्या लोकांवर हा प्रयोग चालला होता त्यांना त्याची कल्पनाच नव्हती. २०२१ मध्ये कर्नलच्या व्यवस्थापकांनी त्या विद्यापीठाचे पॅच घेणंच बंद केलं, आणि संशोधकांना आपला स्वीकारला गेलेला निबंध मागे घ्यावा लागला. प्रश्न महत्त्वाचा होता, मला आजही तसं वाटतं. पण इतरांचा वेळ आणि विश्वास विचारल्याशिवाय वापरायचा हक्क त्यातून मिळत नाही.

---

सांजवेळ

गणिताचं राहिलं होतं, ते लिहिते. पाऊलवाट, घाबरू नका. मोड्युलर अंकगणित (भागाकाराच्या बाकीवर चालणारं), थोडा संख्यासिद्धांत आणि भरपूर संभाव्यता. शेवटच्यावर जोर द्या, कारण सुरक्षेतली बहुतेक विधानं "अमुक होण्याची शक्यता नगण्य" अशाच घाटाची असतात. वर शून्यशेष यांनी मांडलेला हिशेबही संभाव्यतेचाच. पुढे सिद्धता वाचायची सवय लावा. "हा प्रोटोकॉल मोडता आला तर अमुक अवघड गणितही सोडवता येईल" अशी तिची चाल असते.

सिद्धता वाचताना ती कशाबद्दल बोलते आणि कशाबद्दल गप्प राहते, दोन्ही पाहायचं. वायफायच्या डब्ल्यूपीए२ या सुरक्षा-पद्धतीत जोडणीच्या वेळी चार संदेशांची देवाणघेवाण होते आणि तिथून सत्राची किल्ली तयार होते. ती किल्ली गुप्त राहते याची औपचारिक सिद्धता होती. २०१७ मध्ये मॅथी व्हॅनहूफ आणि फ्रँक पिसेन्स यांनी दाखवलं की पोच हरवली की तिसरा संदेश पुन्हा पाठवला जातो, आणि तो पुन्हा मिळाला की बरीच उपकरणं तीच किल्ली नव्याने बसवतात. तसं करताना पॅकेटचा गणक परत सुरुवातीला जातो, तोच कीस्ट्रीम (मजकूर झाकणारी बिटांची मालिका) दुसऱ्यांदा वापरला जातो आणि मजकूर उघडा पडू लागतो. किल्ली गुप्तच राहिली, सिद्धता खोटी ठरली नाही. किल्ली किती वेळा बसवायची याबद्दल तिने काही म्हटलंच नव्हतं.

उलट प्रसंगही येतो, गणितच कोसळतं. क्वांटम संगणकांपुढे टिकणाऱ्या पद्धतींच्या स्पर्धेत साइक नावाची एक पद्धत बरीच पुढे गेली होती. २०२२ मध्ये कास्ट्रिक आणि दक्रू यांनी तिचं सगळ्यात छोट्या मापाचं प्रस्तावित रूप साध्या संगणकाच्या एका कोअरवर तासाभरात मोडलं. अशा प्रसंगी काय घडलं हे निदान ढोबळमानाने कळण्याइतकं गणित आपल्याकडे असावं.

आणि तुमचा सायफर सूटचा प्रश्न. आरएसएने (सार्वजनिक किल्लीची एक पद्धत) किल्ली पाठवणारे सूट काढायला का सांगतात? त्या पद्धतीत ब्राउझर एक गुपित सर्व्हरच्या आरएसए किल्लीने बंद करून पाठवतो. आतल्या मजकुराला ठरावीक भरण (पॅडिंग) असते. ती भरण चुकली तर सर्व्हर वेगळी त्रुटी द्यायचा. १९९८ मध्ये डॅनियल ब्लायखेनबाखर यांनी दाखवलं की एवढा एक धागा पुरतो. पकडून ठेवलेला संदेश थोडा-थोडा बदलून पाठवत राहायचं आणि सर्व्हर "भरण बरोबर" म्हणतो की "चूक" एवढंच टिपायचं. अशा सुमारे दहा लाख प्रश्नांत गुपित बाहेर येतं, खाजगी किल्ली न मिळवता. त्रुटींचे संदेश सारखे केले, तर प्रतिसादाच्या वेळेतला फरक फितुरी करतो. २०१६ मध्ये ड्राउन आणि २०१७ मध्ये रोबोट या नावांनी त्याच हल्ल्याची रूपं परत आली. २०१८ च्या टीएलएस १.३ ने आरएसएने किल्ली पाठवणंच काढून टाकलं. आणखी एक कारण आहे : आज रेकॉर्ड करून ठेवलेली वाहतूक उद्या सर्व्हरची किल्ली चोरीला गेली तर जुन्या पद्धतीत उघडता येते, तात्पुरत्या डिफी-हेलमनच्या पद्धतीत (दोन्ही बाजू दर वेळी नव्या किल्ल्या बनवून नंतर टाकून देतात) येत नाही.

---

पाऊलवाट

सांजवेळ, हे मला हवं होतं. उद्या कुणी विचारलं तर सांगता येईल.

शून्यशेष, केडीडी सोडला. टीटीएलचं वाचून विषयच पालटावासा वाटतोय. माझा हात राउटिंगवर बसलेला आहे. बीजीपीच्या (नेटवर्कं एकमेकांना मार्ग कळवतात तो प्रोटोकॉल) सुरक्षेत, विशेषतः आरपीकेआयमध्ये काही करता येईल का? कामात मार्गांच्या उगमाची पडताळणी मीच चालू केली होती. पण इतर नेटवर्क ती खरंच करतात का हे कसं कळतं?

---

रानवारा

हा विषय घ्या. तुमचा अनुभव इथे थेट कामाला येईल, मॉडेलांच्या गर्दीत तो वाया गेला असता.

---

शून्यशेष

उत्तम विषय. इतर वाचकांसाठी थोडक्यात : बीजीपीत "अमुक पत्ते माझ्याकडे आहेत" असं कुणीही नेटवर्क जाहीर करू शकतं आणि शेजारी बहुधा मान्य करतात. २००८ च्या फेब्रुवारीत पाकिस्तान टेलिकॉमने देशातल्या देशात यूट्यूब बंद करण्यासाठी यूट्यूबच्या /२२ या पत्त्यांच्या गटापैकी एका /२४ या छोट्या गटाचा मार्ग जाहीर केला. तो बाहेर गळला, आणि राउटर जास्त नेमका प्रीफिक्स (म्हणजे छोटा पत्त्यांचा गट) निवडतात म्हणून जगातली बरीच वाहतूक तिकडे वळली. आरपीकेआयमध्ये पत्त्यांचा मालक सही करून सांगतो की हा प्रीफिक्स अमुक नेटवर्कमधूनच निघेल आणि इतक्या लांबीपर्यंतच. ते ताडून अवैध मार्ग टाकून देणं ही उगमाची पडताळणी. ती फक्त उगम तपासते, मधला मार्ग कुणी खोटा रचला तर तिला कळत नाही. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात हे स्पष्ट लिहा, परीक्षक ते शोधतातच.

आता तुमचा प्रश्न. सरळ पद्धत अशी की स्वतःच्या ताब्यातला एक प्रीफिक्स मुद्दाम अवैध ठरेल असा जाहीर करायचा आणि कोणकोणत्या नेटवर्कमधून त्याच्यापर्यंत पोचता येतं ते मोजायचं. पोचता आलं नाही तर ते नेटवर्क पडताळणी करतं, असा निष्कर्ष पटकन निघतो. त्यावर विश्वास ठेवू नका. त्या नेटवर्कने स्वतः काहीच केलं नसेल, त्याला इंटरनेट पुरवणाऱ्या वरच्या नेटवर्कने तो मार्ग आधीच टाकून दिला असेल, आणि तुम्हाला दोन्ही सारखेच दिसतील. उलटही होतं. नेटवर्क पडताळणी करतं, पण न करणाऱ्या वरच्याकडे त्याचा डीफॉल्ट मार्ग (दुसरी वाट माहीत नसेल तेव्हाचा) आहे, त्यामुळे पॅकेट पोचतं आणि तुम्ही त्याला "करत नाही" या रकान्यात टाकता. शिवाय तुमचा प्रीफिक्स भलत्याच कारणाने पोचत नसेल, तर तेही वेगळं काढायला हवं.

म्हणून एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी दोन प्रीफिक्स जाहीर करा, एक वैध आणि एक अवैध, बाकी सगळं तंतोतंत सारखं. दोन्हींकडे ट्रेसराउट (पॅकेटची वाट दाखवणारं साधन) चालवा आणि वाटा कुठे फुटतात ते टिपा. काही दिवसांनी दोघांच्या सह्यांची अदलाबदल करा, म्हणजे फरक प्रीफिक्समुळे होता की वैधतेमुळे ते निखळून येईल. असे प्रयोग करण्यासाठी पिअरिंग नावाचं संशोधन-जाळं आहे, तिथे मार्गदर्शकाच्या मार्फत प्रस्ताव देता येतो. प्रस्तावात हे प्रीफिक्स तुम्हालाच दिलेले आहेत आणि दुसऱ्या कुणाची वाहतूक त्यावर नाही, हे आधी लिहा. मोजमापाचा आराखडा तयार झाला की इथे टाका. डीफॉल्ट मार्गाचा गुंता कसा सोडवायचा ते त्यावर बसून पाहू.